वीस मिनिटांची परीक्षानळी

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचकांसाठी तो आधी थोडक्यात सांगतो. चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये, रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी पाजायला गेलेल्या तुमच्या वडिलांना घोणस चावली. घरच्यांनी त्यांना प्रथम गावातल्या देवऋष्याकडे नेले, तिथे तासभर गेला, मग कोल्हापुरात दवाखान्यात आणले, दोनदा डायलिसिस करावे लागले आणि ते वाचले. आता २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तुमच्या मुलीच्या शाळेत काही पालकांनी विज्ञानाशी आलेल्या संबंधाचा स्वतःचा खरा अनुभव दहा मिनिटांत सांगायचा आहे आणि शिक्षकांनी तुम्हाला गळ घातली आहे. तुम्ही वाणिज्य शाखेच्या पदवीधर, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या. त्यामुळे "मला विज्ञानातले काही कळत नाही, मग गोष्टीत विज्ञान किती आणि कुठून घालू" हा तुमचा पहिला प्रश्न, आणि "देवऋष्याचा भाग सांगावा की वगळावा" हा दुसरा.

मी कोल्हापुरात ३१ वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले आणि त्यांतली शेवटची १८ वर्षे, विज्ञान दिनाच्या आधीचे दोन महिने, अशाच अनुभवकथनासाठी लोकांची तयारी करून घेण्याचे काम हौसेने केले. त्या मंचावर प्राध्यापक फार कमी आले. परिचारिका आल्या, वायरमन आला, गुऱ्हाळावरचे गुळवे आले, पुरात घर गेलेल्या गृहिणी आल्या. प्रत्येकाबरोबर दोन-तीन संध्याकाळी बसून मी जे शिकलो आणि ज्या चुका केल्या, त्यांच्याच आधारावर हे उत्तर आहे.

तुमचे दोन प्रश्न माझ्या मते वेगळे नाहीत. तुमच्या लेखनावरून असे दिसते की दवाखान्याच्या दाराच्या आत विज्ञान आहे आणि दाराबाहेर जे घडले ते अज्ञान आहे, अशी तुम्ही मनात वाटणी केली आहे. त्यामुळे आतले तुम्हाला समजत नाही आणि बाहेरचे सांगायला संकोच वाटतो, आणि मग सांगण्यासारखे हातात काहीच उरत नाही. पण तुम्ही कंसात एक वाक्य सहज लिहून गेला आहात: देवऋष्याने वडिलांना कडुलिंबाचा पाला चावायला दिला होता, त्यांनी तो थुंकला तेव्हा त्यात रक्त दिसले, आणि ते पाहून तुमच्या भावाने आरडाओरडा करून जीप काढली. तुमची गोष्ट त्या कंसात आहे. ती कंसातून बाहेर काढली की बाकीचे बरेचसे आपोआप जागेवर बसेल.

का ते सांगतो. पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या, माणसाला कडुलिंब चावायला देणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पाला कडू लागला तर विष चढलेले नाही, गोड लागला तर चढले आहे, असे समजतात. म्हणजे तीही एक चाचणीच आहे, हे आधी मान्य करावे. तिचा दोष असा की तिचे उत्तर घाबरलेल्या माणसाच्या जिभेवर अवलंबून आहे आणि ते काहीही आले तरी चाचणी घेणारा खोटा ठरत नाही. कडू लागले तर मंत्राने विष उतरले आणि गोड लागले तर मंत्राची गरज होतीच! तुमच्या भावाने मात्र चवीकडे लक्ष दिले नाही. त्याने थुंकीतले रक्त पाहिले. घोणशीच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते आणि हिरड्यांतून रक्त येणे ही त्याची एक ठळक खूण आहे. दहावीपर्यंत शिकलेल्या तुमच्या भावाला हे त्या रात्री ठाऊक नसणार. तरीही समोर जे दिसते आहे ते सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीशी जुळत नाही, एवढे त्याला दिसले आणि त्यावर तो वागला. मी इतकी वर्षे वर्गात जे शिकवण्याचा प्रयत्न केला ते याहून फारसे वेगळे नव्हते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर चालते हे जगाला दाखवून दिले. त्यांचे काम अर्थातच कितीतरी मोठे आणि शिस्तीचे, परंतु त्याचे पहिले पाऊल रुग्णाकडे नीट पाहण्याचेच होते.

आता दुसरी चाचणी. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी वडिलांचे थोडे रक्त एका काचेच्या नळीत काढून ती नळी बाजूला उभी करून ठेवली आणि "वीस मिनिटे थांबा" असे सांगितले, असे तुम्ही लिहिले आहे, आणि पुढे म्हटले आहे, "तेवढा वेळ काहीच केले नाही याचा आम्हाला राग आला होता." हा राग गोष्टीत राहू द्या, तो अगदी खरा आहे. त्या वीस मिनिटांत काय चालले होते ते सांगतो. सुमारे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घेऊन ती न हलवता वीस मिनिटे ठेवतात आणि मग एकदा तिरपी करतात. रक्त गोठून बसले असेल तर ते जागचे हलत नाही. पाण्यासारखे ओघळले तर विषाने रक्तात काम केले आहे हे कळते आणि प्रतिविष सुरू करण्याचा निर्णय होतो. यंत्र नको, वीज नको, प्रयोगशाळा नको. पण नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या पृष्ठभागामुळे रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते; प्लास्टिकची नळी घेतली किंवा काचेची नळी साबणाने धुतलेली असली तर उत्तर चुकू शकते. मला या चाचणीत सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते की ती कशाने चुकते हे ती करणाऱ्यांना माहीत आहे. कडुलिंबाच्या चाचणीबद्दल असे कोणी कधी सांगितलेले मी ऐकलेले नाही.

म्हणजे तुमच्याकडे एकाच रात्रीत, एकाच माणसावर, दोन ठिकाणी झालेल्या दोन चाचण्या आहेत आणि त्यांच्या मधोमध तुमचा भाऊ उभा आहे. देवऋष्याचा भाग वगळला तर पहिली चाचणी जाते, भाऊ जातो आणि उरते ते "वडिलांना साप चावला, दवाखान्यात नेले, बरे झाले" एवढेच, जे ऐकून मुले टाळ्या वाजवतील आणि घरी जाईपर्यंत विसरतील. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की तो भाग सांगावा. मात्र कसा सांगावा हे बऱ्याच अंशी तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि त्याकडे मी पुढे येतो.

विज्ञान किती घालायचे याबद्दल आधी. मी लोकांना एक साधा नियम सांगत असे: त्या वेळी तुम्हाला जे कळले तेच, ज्या क्रमाने कळले त्याच क्रमाने सांगावे, आणि नंतर वाचून कळलेले एकदाच, जिथे ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहील तिथे, सांगावे. याचे कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एक वर्षी एका तरुण शिक्षकाने अंबाबाईच्या किरणोत्सवाची आठवण सांगायला घेतली. लहानपणी नोव्हेंबरच्या संध्याकाळी आईचे बोट धरून गर्दीत उभे राहायचे, महाद्वारातून येणारी मावळतीची किरणे पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर जाताना पाहायची. पहिल्या तालमीत त्याने दोन मिनिटे आई सांगितली आणि आठ मिनिटे सूर्याची क्रांती, म्हणजे तो वर्षभरात आकाशात उत्तर-दक्षिण कसा सरकतो ते. श्रोते म्हणून बसवलेली माझी नात झोपली. मग मी त्याला विचारले की हे सगळे तुला कळावेसे का वाटले, तेव्हा तो म्हणाला की आईने एकदा विचारले होते, "देवी नोव्हेंबरात किरणं घेते, मग परत फेब्रुवारीच्या तोंडावर कशाला घेते?" आणि त्याला उत्तर देता आले नव्हते. तिथे गोष्ट सुरू झाली. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी हे दिवस डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्या अंतरावर, साधारण ४२ दिवसांवर, आहेत. त्यामुळे सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या ठिकाणी मावळतो त्याच ठिकाणी परतताना पुन्हा मावळतो. एवढे विज्ञान तीन वाक्यांत बसले, आणि ते आईच्या प्रश्नाचे उत्तर असल्यामुळे सभागृहाने कान देऊन ऐकले.

तुमच्याकडे असा प्रश्न उभा राहण्याची जागा म्हणजे ते ओघळणारे रक्त. विषाने रक्त पातळ झाले असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात होते ते बरोबर उलट वाटावे असे आहे. घोणशीच्या विषात रक्त गोठवणारी साखळी सुरू करून देणारे घटक असतात. शरीरभर जिथे गरज नाही तिथे ती क्रिया चालू होते आणि गोठण्यासाठी लागणारा साठा, विशेषतः फायब्रिनोजेन हे प्रथिन, उधळला जाऊन संपून जातो; मग खरोखर जखम झाली तरी रक्त थांबवायला काही उरत नाही. पहिल्याच पंगतीला वाढप्यांनी सगळे पातेले रिकामे करावे आणि दुसरी पंगत पाने मांडून बसून राहावी, तसा हा प्रकार आहे. हे उदाहरण वापरायचे तर खुशाल वापरा. प्रतिविष नवे जेवण आणत नाही. ते फक्त उधळणाऱ्या वाढप्यांना धरून बाजूला करते. नवा साठा यकृताला तयार करावा लागतो आणि त्याला काही तास लागतात, म्हणूनच डॉक्टर सहा तासांनी पुन्हा तशीच नळी भरून ठेवतात. "सहा तासांनी पुन्हा रक्त काढले तेव्हा आम्हाला वाटले की आता काही तरी बिघडले" असे तुम्ही लिहिले आहे. त्या दुसऱ्या नळीच्या वेळी तुमच्यापैकी कोण शेजारी होते आणि रक्त गोठलेले पाहून ते काय म्हणाले, हे आठवून पाहा. माझ्या अंदाजाने तुमच्या गोष्टीतला सर्वांत उंच क्षण तिथे आहे, पण मी तिथे नव्हतो, तेव्हा हे तुम्हीच ठरवायचे.

प्रतिविषाबद्दल आणखी दोन गोष्टी तुम्हाला माहीत असाव्यात, मग त्या गोष्टीत घ्या अथवा घेऊ नका. आपल्याकडे त्याला अनेक जण "सापाची लस" म्हणतात. ती लस नव्हे. लस आपल्या शरीराला आगाऊ शिकवते, हे मात्र दुसऱ्या प्राण्याने आधीच तयार करून ठेवलेले उत्तर आहे. घोड्यांना विषाच्या अगदी लहान आणि हळूहळू वाढत जाणाऱ्या मात्रा देतात, त्यांच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारे घटक तयार होतात आणि तेच शुद्ध करून बाटलीत येतात. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालेल असे बनवलेले असते. म्हणून साप ओळखण्यासाठी तो मारून दवाखान्यात नेण्याची गरज नसते, आणि तसा प्रयत्न करताना आणखी एखाद्याला चावा बसण्याची भीती असते. प्रतिविष बनवण्यासाठी लागणारे बरेचसे विष तमिळनाडूतल्या इरुळा समाजातील लोकांनी १९७८ साली उभी केलेली सहकारी संस्था पुरवते. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणाऱ्या लोकांचे कसब तिथे असे कामी आले. तुम्ही स्वतः सहकारी पतसंस्थेत काम करता, म्हणून हे वाचून तुम्हाला कदाचित गंमत वाटेल. प्रतिविष घोड्याचे असल्यामुळे काही रुग्णांच्या अंगावर त्याची तीव्र प्रतिक्रिया येते. "सलाईन लावल्यावर बाबा थडथड उडू लागले आणि सिस्टरने धावत येऊन इंजेक्शन दिले" हे तुमचे वाक्य बहुधा तेच सांगते.

"पण मला हे सगळे नीट समजलेले नाही, कोणी प्रश्न विचारला तर" ही भीती मला माहीत आहे. कागल भागातल्या एका गुळव्याला मी पहिल्यांदा मंचावर आणले तेव्हा तो हेच म्हणाला होता. काहिलीतला रस उकळून दाट होत आला की तो त्याचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का पाहायचा आणि "आता उतरवा" म्हणायचा. त्याचा मुलगा रसायनशास्त्र शिकत होता; त्याने एका हंगामात महाविद्यालयातला तापमापक मागून आणून चुलवाणाशी उभे राहून नोंदी घेतल्या आणि बापाची "आता" दर वेळी ११८ अंशांच्या आसपासच येते असे त्याला दिसले. मंचावर बापाने गोळी सांगितली, मुलाने अंश सांगितले. नंतर एका विद्यार्थ्याने बापाला विचारले, ११८ च का? तो म्हणाला, "ते ह्याला इचारा, मला फक्त गोळी कळती." त्या उत्तराला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. तुम्हालाही ज्याचे उत्तर माहीत नाही त्याला "हे मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारून सांगेन" असे म्हणण्याची पूर्ण मुभा आहे. तुम्ही तिथे साक्षीदार म्हणून उभ्या आहात, तज्ज्ञ म्हणून नाही.

साक्षीदार म्हटले की खरेपणाची जबाबदारी आली. तुम्ही प्रतिविषाच्या वीसेक बाटल्या दिल्या असे लिहिता आणि भाऊ बारा म्हणतो असेही लिहिता. अशा वेळी मी कोणाच्याच आठवणीवर विश्वास ठेवत नाही. डिस्चार्ज कार्ड आणि केसपेपर काढा. औषधांची बिले असतील तर तीही पाहा. भावाच्या त्या वेळच्या मोबाईलमधला कॉलचा इतिहास कुठे शिल्लक असेल तर जीपसाठी केलेला फोन किती वाजता केला ते सापडेल. देवऋष्याकडे तास गेला की वीस मिनिटे गेली, हे तुमच्या गोष्टीत फार महत्त्वाचे आहे. संकटात वेळ ताणला जातो आणि रागात तर आणखीच. एका वर्षी २०१९ च्या महापुराची गोष्ट सांगणाऱ्या एका वहिनींनी भिंतीवर खडूने दर तासाला पाण्याची रेघ मारली होती. त्यांचे सासरे "२००५ ला पाणी ह्या पायरीवर थांबलं होतं, यंदाही थांबेल" म्हणून घर सोडायला तयार नव्हते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीच्या कितीतरी वर गेले होते, तरी सासऱ्यांचा पुरावा ती पायरीच होती. वहिनींच्या रेघांमधले अंतर कमी होत नव्हते, आणि पायरी बुडाल्यावर सासरे स्वतःच उठले. तालमीत त्यांनी "तासाला फूटभर पाणी चढत होतं" असे सांगितले. भिंतीवर उरलेल्या खुणा आम्ही मोजल्या तेव्हा ते जेमतेम दोन-तीन इंच निघाले. खरा आकडा सांगितल्याने गोष्ट फिकी पडली नाही. इंचाइंचाने येणारे पाणी फुटाने येणाऱ्या पाण्याहून अधिक भीती घालते, हे तेव्हा मला कळले. संवादांचेही तसेच. जे शब्द नक्की आठवतात तेच अवतरणात घाला, बाकीचे "अशा अर्थाचे काही म्हणाले" असे सांगा.

इथपर्यंतचे सार असे की गोष्ट पाल्यातल्या रक्तापासून सुरू करावी, दोन चाचण्या समोरासमोर ठेवाव्यात, विज्ञान प्रश्नाच्या जागी आणि मोजके आणावे, आणि वेळा-आकडे कागदावरून तपासावेत. आता तो नाजूक भाग.

देवऋष्याकडे नेण्याचा आग्रह तुमच्या चुलत्यांचा होता आणि ते कार्यक्रमाला येणार आहेत. इथे मी स्वतः केलेली एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तरुणाने आपल्या बहिणीला फिट्स येत, घरच्यांनी ते बाहेरची बाधा समजून काय काय केले आणि मेंदूच्या तपासणीनंतर औषधाने त्या कशा थांबल्या, ही फार चांगली गोष्ट बसवली. मी ती तीन वेळा ऐकली, शब्द सुधारले, पण बहिणीला विचारले आहे का, हे मात्र विचारले नाही. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. तिचे लग्न ठरायचे होते. गोष्ट निम्मी झाली तेव्हा ती उठून गेली, आणि त्यानंतर भावाबहिणीत कित्येक महिने बोलणे नव्हते. दोष त्या मुलाचा नव्हता, माझा होता. तेव्हापासून ज्याच्या शरीराची गोष्ट आहे त्याचा होकार मिळाल्याशिवाय मी तालीमही घेत नाही. म्हणून आधी वडिलांना विचारा आणि पूर्ण गोष्ट ऐकवून विचारा; "साप चावलेलं सांगू का" एवढ्यावर घेतलेला होकार पुरेसा नाही. डायलिसिसबद्दल त्यांना बोललेले नको असेल तर तो भाग गळेल. गोष्ट त्याविनाही उभी राहते.

चुलत्यांपुढे जाताना एक गोष्ट लक्षात ठेवावी, की त्यांचा विश्वास वेडगळ नव्हता. आपल्या रानात चावणाऱ्या सापांत धामण, दिवड असे अनेक बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. अशी माणसे देवऋष्याकडे गेली तरी वाचतात आणि घरी झोपून राहिली तरी वाचतात. देवऋष्याच्या खात्यावर ती सगळी जमा होतात. जे गेले त्यांच्याबद्दल "उशीर झाला होता" एवढेच म्हटले जाते. तुमच्या चुलत्यांनी आपल्या हयातीत असे वाचलेले चार-पाच जण पाहिले असतील, तर त्यांच्या हाती असलेल्या पुराव्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष स्वाभाविक होता. हे तुम्ही मंचावरून सांगितलेत तर चुलत्यांचा अपमान होणार नाही, आणि मुलांना एक फार कठीण गोष्ट, म्हणजे वाचलेल्यांचीच मोजणी केली की फसगत कशी होते, ती सहज कळेल. "काकांनी नेले" असे म्हणू नका. "आम्ही नेले" असे म्हणा. तुम्हीही त्या वेळी तिथे होता आणि गप्प होता, असे तुम्हीच लिहिले आहे. शक्य असेल तर कार्यक्रमाआधी चुलत्यांना घरी बोलावून हा भाग वाचून दाखवा. ते रागावले तर त्यांचा उल्लेखही वगळून नुसते "घरच्यांनी" म्हणावे. ते बोलते झाले, तर कदाचित तुम्हाला आणखी काही कळेल.

देवऋष्याचे नाव मात्र घेऊ नये. सर्पदंश झालेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे खरे आहे. परंतु चार वर्षांनी शाळेच्या मंचावरून एका माणसाकडे बोट दाखवल्याने ती गोष्ट तक्रार होऊन बसेल आणि गावात पुढे पंधरा दिवस तेवढीच चर्चा होईल. तक्रार करायचीच असेल तर तिचे ठिकाण वेगळे आहे.

समोर शाळकरी मुले आहेत आणि त्यांतली बरीचशी शेतकऱ्यांच्या घरची आहेत, म्हणून एका ठिकाणी मी माझा नियम मोडायला सांगेन. गोष्टीत कुठेतरी, बहुधा जीपच्या प्रवासात, एका वाक्यात सरळ सांगा की चावलेल्या जागी कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये, तो भाग न हलवता माणसाला धीर देत लवकरात लवकर दवाखान्यात न्यावे. तुमच्या चुलत्यांनी पायाला करकचून दोरी बांधली होती, असे लिहिलेत. तिथेच हे वाक्य बसेल. औषधाची मात्रा, बाटल्यांची संख्या यांना मात्र सल्ल्याचे रूप देऊ नका. आकडाच हवा असेल तर एक पुरे: २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजारांच्या आसपास माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आकडा मी सुरुवातीला ठेवणार नाही. सुरुवातीला तो वर्तमानपत्रासारखा वाटतो; दुसऱ्या नळीतले रक्त गोठल्यानंतर तो सांगितला तर तुमचे वडील त्यांत नाहीत, ही गोष्ट ऐकणाऱ्याला आपोआप जाणवते.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या मसुद्याच्या शेवटी "आणि अशा रीतीने अंधश्रद्धेवर विज्ञानाचा विजय झाला" असे वाक्य आहे, ते काढावे असे मला वाटते. ते खरे नाही. देवऋषी गावातच आहे, लोक अजून जातात, वडिलांच्या मूत्रपिंडाची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी लागते, आणि शेतीची लाईट अजूनही पुष्कळदा रात्रीच येते. तुम्हीच लिहिले आहे की वडील आता गमबूट घालून, हातात बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पाणी पाजायला, जातात आणि उसाच्या सरीत पाय टाकण्याआधी काठी आपटतात. मी असतो तर त्या काठीच्या आवाजापाशी थांबलो असतो.

एक काम मात्र मसुदा पुन्हा लिहिण्याआधी करा. त्या वीस मिनिटांबद्दल तुमचा राग तुम्ही सांगितला, भावाची घाई सांगितली, पण वडिलांना स्वतःला त्या वेळी काय दिसत होते, नळी कुठे ठेवली होती, ती त्यांच्या नजरेसमोर होती का, हे कुठेच आलेले नाही. एखाद्या संध्याकाळी, टीव्ही बंद असताना, त्यांना विचारा आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मग मसुदा पाठवा. मी वाचून कळवतो.